स्वीडनची गानकोकिळा

युरोप खंडाच्या उत्तरेस स्वीडन नावाचा देश आहे. तेथील हिवाळा मोठा आणि कडक असतो. दिवस लहान, रात्री लांबच लांब आणि सर्वत्र बर्फ! या देशाची राजधानी स्टॉकहोम. ६ ऑक्टोबर १८२० रोजी या शहरातील एका साध्या कुटुंबात एका मुलीचा जन्म झाला. तिचे नाव योहाना मारिया लिंड. पुढे सारे जग तिला जेनी लिंड या नावाने ओळखू लागले.

जेनीचे वडील हिशेबनीस होते. आई घरीच मुलींची शाळा चालवीत असे. घरात पैशाची नेहमी ओढाताण होई आणि आईवडिलांचे एकमेकांशी पटतही नसे. जेनी अगदी तान्ही असतानाच तिला शहराबाहेर एका खेड्यात ठेवण्यात आले. तेथील चर्चमध्ये वाद्य वाजविणाऱ्या एका सज्जन गृहस्थाच्या कुटुंबात तिची पहिली तीन वर्षे गेली. घरी परत आल्यावरही आईच्या मायेची ऊब तिला फारशी लाभली नाही. तिला खरा जिव्हाळा मिळाला तो आजीकडून. आजी गरीब विधवांसाठी चालविलेल्या एका वसतिगृहात राहत असे. काही काळ जेनीही तिच्याजवळ राहिली.

नऊ वर्षांच्या जेनीची एक लाडकी मांजर होती. तिच्या गळ्यात निळी फीत बांधून जेनी तिला खिडकीत घेऊन बसे आणि तिच्यासाठी गाणी म्हणे. खिडकीखालून जाणाऱ्या लोकांची पावले ते गाणे ऐकून थबकत. एके दिवशी राजनाट्यगृहातील एका नर्तिकेच्या दासीने ते ऐकले आणि घरी जाऊन आपल्या मालकिणीला सांगितले. नर्तिकेने मुद्दाम जेनीला बोलावून घेतले. तिचे गाणे ऐकताच या मुलीला रंगभूमीचे शिक्षण मिळालेच पाहिजे, असे तिने जेनीच्या आईस कळविले.

आईला हे रुचले नाही. त्या काळी आपल्याकडे नाटकमंडळीत जाणाऱ्या मुलांकडे लोक ज्या नजरेने पाहत, काहीशी तशीच नजर तिकडेही होती. बऱ्याच आग्रहानंतर जेनीला गायनशिक्षकाकडे नेण्यात आले. शिक्षकांनी तिला नाट्यगृहाच्या प्रमुखांपुढे उभे केले. एवढीशी, हडकुळी, बुजरी पोर पाहून प्रमुखांनी प्रथम तिचे गाणे ऐकण्याचेच नाकारले. परंतु शिक्षकांनी हट्टच धरला, तेव्हा त्यांनी ते ऐकले आणि ऐकल्यावर त्यांचे मत पालटले. १८३० साली जेनीचे नाव राजनाट्यगृहाच्या शाळेत दाखल झाले. तिच्या अन्नवस्त्राचा व शिक्षणाचा सर्व खर्च सरकारने उचलला.

या शाळेत ती गायन, अभिनय, नृत्य आणि भाषा शिकली. दहा वर्षांची झाल्यावर ती गद्य नाटकांत मुलांच्या भूमिका करू लागली. पुढे सात वर्षे तिने नाटकामागून नाटकात कामे केली. रंगमंचावर कसे उभे राहावे, शब्द कसा उच्चारावा, दुसऱ्याचे दुःख आपल्या मुद्रेवर कसे आणावे, हे सारे ती येथेच शिकली. नुसता गोड गळा असून भागत नाही. गाणे ज्याच्या तोंडी आहे त्या माणसाचे मन गाणाऱ्याला कळावे लागते, हा धडा तिला लहानपणीच मिळाला.

युरोपात ऑपेरा नावाचा एक नाट्यप्रकार आहे. आपल्या संगीत नाटकांत पात्रे मधून मधून पदे म्हणतात. ऑपेरात मात्र बहुतेक सारे नाटकच गाऊन सादर होते. हर्ष, क्रोध, भीती, भांडण, मरणसुद्धा सुरांतून प्रकट करावयाचे. जोडीला मोठा वाद्यवृंद असतो आणि त्यावर मात करून गायकाचा स्वर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावा लागतो. त्या काळी ध्वनिवर्धक नव्हता. त्यामुळे गळा, दमसास आणि अभिनय या तिन्हींची या प्रकारात कसोटी लागे.

७ मार्च १८३८ रोजी जेनीने या कसोटीला प्रथमच तोंड दिले. वेबर या जर्मन रचनाकाराच्या ‘डेर फ्राइशुत्स’ या ऑपेरात तिला नायिकेची भूमिका मिळाली होती. प्रयोगापूर्वी ती भीतीने कापत होती. परंतु पहिले सूर लागताच भीती पळाली आणि प्रेक्षक मुग्ध झाले. त्या रात्री आपला नवा जन्म झाला, असे तिला वाटले. म्हणून ७ मार्च हा दिवस ती जन्मभर दुसरा वाढदिवस म्हणून पाळत असे. अवघ्या दोन वर्षांत, म्हणजे १८४० साली, स्वीडनच्या संगीत अकादमीने तिला सदस्य करून घेतले आणि राजदरबारची गायिका हा मानही तिला मिळाला. त्या वेळी ती वीस वर्षांचीही झाली नव्हती.

पण यशाच्या पोटातच संकट वाढत होते. एकामागून एक भूमिका, आज या गावी तर उद्या त्या गावी कार्यक्रम, अशी तिची धावपळ चालली होती. गळ्याला विसावा असा नव्हताच. शिवाय श्वास कसा राखावा, वरचे स्वर ताण न देता कसे लावावेत, याचे शास्त्रशुद्ध शिक्षणही तिला मिळाले नव्हते. हळूहळू तिचा आवाज थकू लागला. मधले स्वर जड येऊ लागले, तर वरचे चिरकू लागले. लोक टाळ्या वाजवीतच होते. परंतु आपल्या गळ्यात काय बिघडले आहे, हे जेनीच्या कानांना नेमके कळत होते.

अशा वेळी पुष्कळ जण टाळ्यांवर समाधान मानतात. जेनीने तसे केले नाही. स्वतःच्या कमाईचे पैसे घेऊन १८४१ साली ती पॅरिसला गेली. तेथे मान्युएल गार्सिया नावाचे थोर गायनगुरू राहत होते. गळ्यातून स्वर कसा निघतो, याचा त्यांनी सखोल अभ्यास केला होता. छोट्या आरशाच्या साहाय्याने घशातील स्वरतंतू पाहण्याची युक्ती पुढे १८५४ साली याच गार्सियांनी शोधून काढली.

गार्सियांनी जेनीचे गाणे ऐकले आणि तिला शिकविण्यास नकार दिला. तिचा आवाज झिजून गेला आहे, आता शिकवून काही उपयोग नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. जेनीच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. जिच्या गाण्यासाठी स्टॉकहोम वेडे झाले होते, तिला आवाजच उरला नाही, असे जगातला एक श्रेष्ठ गुरू सांगत होता! तिची व्याकुळता पाहून गार्सियांनी एक अट घातली. सहा आठवडे तिने गाण्याचा एकही सूर काढू नये आणि होता होईल तो बोलूही नये. त्यानंतर पुन्हा येऊन भेटावे.

परक्या देशात, परक्या माणसांत, एकटीने राहून जेनीने ते मौन पाळले. ज्याचा गळा हेच सर्वस्व, त्याने गप्प राहणे ही साधी गोष्ट नव्हे. सहा आठवड्यांनी आपल्याला गाता येईल की नाही, हेही ठाऊक नव्हते. त्या काळात ती फ्रेंच भाषेचा अभ्यास करीत बसे. मुदत संपल्यावर ती पुन्हा गार्सियांपुढे उभी राहिली. विश्रांतीने आवाजात थोडा जीव आला होता. गार्सियांनी तिला शिष्या म्हणून स्वीकारले.

आता सारे पहिल्यापासून सुरू झाले. नामांकित गायिकेने लहान विद्यार्थिनीप्रमाणे सावकाश आरोह-अवरोह घोटावयाचे, एकेक स्वर तपासून पाहावयाचा, श्वास मोजून घ्यावयाचा! आठवड्यातून दोन धडे आणि उरलेला वेळ मेहनत, असे दहा महिने चालले. या मेहनतीतून तिला पूर्वीहूनही निर्मळ आवाज मिळाला. दमसास वाढला, तान मोत्यांच्या सरासारखी उमटू लागली आणि अगदी हळुवार लावलेला स्वरही मोठ्या नाट्यगृहाच्या टोकापर्यंत स्वच्छ ऐकू जाऊ लागला. १८४२ साली ती मायदेशी परतली. बेलिनीच्या ‘नोर्मा’ या ऑपेरात स्टॉकहोमच्या रसिकांनी तिला पुन्हा ऐकले, तेव्हा ते थक्क झाले.

यानंतर तिची कीर्ती स्वीडनच्या सीमा ओलांडून गेली. कोपनहेगन, बर्लिन, लाइपझिग, व्हिएन्ना अशा शहरांतून तिला बोलावणी येऊ लागली. डेन्मार्कचे विख्यात कथाकार हान्स अँडरसन तिच्या गाण्याने भारावून गेले. युरोपात नाइटिंगेल नावाचा लहानसा, तपकिरी रंगाचा पक्षी आहे. दिसायला तो साधाच, पण त्याच्या रात्रीच्या गाण्याची तुलना आपल्या कोकिळेच्या गाण्याशीच करावी. लोक जेनीला स्वीडनचा नाइटिंगेल म्हणू लागले. तीही दिसायला साधीच होती. दागिन्यांचा व भपक्याचा तिला सोस नव्हता.

याच काळात तिच्या आयुष्याला एक नवी दिशा मिळाली. कोपनहेगनमध्ये हेळसांड झालेल्या दुर्दैवी मुलांना आधार देणारी एक संस्था होती. तिच्याजवळ पुरेसा पैसा नव्हता. हे कळताच जेनीने त्या मुलांसाठी एक कार्यक्रम केला. त्यातून जमलेल्या रकमेने अनेक मुलांची काही वर्षांची सोय होणार आहे, असे तिला समजले, तेव्हा तिचे डोळे भरून आले. तिचे स्वतःचे बालपण मायेवाचून गेले होते. आपल्या दोन घटकांच्या गाण्याने दुसऱ्या मुलांचे बालपण सावरू शकते, हे तिने त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिले. आपला आवाज ही देवाने आपल्यापाशी दिलेली ठेव आहे आणि ती दुसऱ्यांसाठी खर्च केली पाहिजे, अशी तिची श्रद्धा होती. आता त्या श्रद्धेला वाट सापडली.

१८४५ साली लाइपझिग येथे ती प्रसिद्ध रचनाकार फेलिक्स मेंडेलझोन यांच्या कार्यक्रमात गायली. दुसऱ्याच दिवशी तिने आणखी एक कार्यक्रम केला, तो वाद्यवृंदातील वादकांच्या विधवांना साहाय्य देणाऱ्या निधीसाठी. गायिकेला हारतुरे मिळतात, पण तिच्यामागे बसून वाजविणाऱ्यांच्या कुटुंबांची आठवण कोण ठेवतो? जेनीने ती ठेवली.

४ मे १८४७ रोजी ती लंडनच्या रंगभूमीवर प्रथम आली. प्रेक्षकांत खुद्द व्हिक्टोरिया राणी होती. नाट्यगृहाच्या दारात एवढी झुंबड उडाली की, लोकांचे कपडे फाटले. त्याच वर्षी इटलीचे रचनाकार व्हेर्डी यांनी लंडनसाठी एक नवा ऑपेरा रचला आणि त्याच्या पहिल्या प्रयोगात नायिकेची भूमिका जेनीने केली. मात्र वर्ष संपण्यापूर्वीच तिच्यावर दुःखाचा आघात झाला. तिचे स्नेही मेंडेलझोन ऐन तारुण्यात, अडतिसाव्या वर्षी, वारले. त्यांनी ‘एलायजा’ नावाची एक संगीतरचना केली होती. आपल्या कीर्तनाप्रमाणे तिच्यात धर्मकथा आहे. परंतु ती अनेक गायक आणि वादक मिळून, वेषभूषा व देखावे यांवाचून सादर करतात. तिच्यातील स्त्रीच्या गीतांची रचना करताना मेंडेलझोन यांच्या मनात जेनीचाच आवाज होता. १८४८ च्या डिसेंबरात जेनीने लंडनमध्ये ही रचना गायली. त्यातून सुमारे एक हजार पौंड जमले आणि मेंडेलझोन यांच्या नावे होतकरू विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती ठेवण्यात आली. ही शिष्यवृत्ती पहिल्याने मिळविणारा मुलगा आर्थर सलिव्हन पुढे इंग्लंडचा नामवंत संगीतकार झाला.

१० मे १८४९ रोजी जेनीने ऑपेरातील आपली शेवटची भूमिका केली. त्या वेळी तिचे वय अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते. कीर्ती आणि पैसा हात जोडून उभे असताना तिने रंगभूमीचा निरोप घेतला. लोक हळहळले. कित्येकांना हा तिचा हट्ट वाटला. परंतु रंगभूमीवरील धावपळ आणि तेथील हेवेदावे तिच्या शांत, धर्मशील मनाला मानवत नव्हते. गाणे मात्र तिने सोडले नाही. यापुढे तिने मैफलींतून व धर्मसंगीतातून गाण्याचे ठरविले.

त्याच सुमारास इंग्लंडमधील नॉर्विच या गावी तिने केलेल्या कार्यक्रमांतून मोठा निधी उभा राहिला होता. त्या काळी आजारी मुलांसाठी वेगळी रुग्णालये जवळजवळ नव्हतीच. जेनीच्या निधीतून काही वर्षांतच नॉर्विचमध्ये खास मुलांसाठी रुग्णालय निघाले. लंडनमधील क्षयरोग्यांच्या रुग्णालयासाठीही ती गायली.

आता तिच्या मनात आणखी मोठा बेत होता. स्वीडनमधील गरीब मुलांसाठी मोफत शाळा काढाव्यात, ही तिची फार दिवसांची इच्छा होती. त्यासाठी पुष्कळ पैसा हवा होता. तेवढ्यात अमेरिकेतील बार्नम नावाच्या एका धाडसी व्यापाऱ्याने तिला निमंत्रण दिले. बार्नम न्यूयॉर्कमधील एका मोठ्या अजबखान्याचा मालक होता. त्याने जेनीचे गाणे कधीही ऐकले नव्हते. ऐकली होती ती फक्त तिची कीर्ती. दीडशे कार्यक्रम आणि प्रत्येक कार्यक्रमास एक हजार डॉलर, असा करार ठरला. व्यवहारात जेनी भोळी नव्हती. तिची आणि तिच्या साथीदारांची मिळून १,८७,५०० डॉलरची रक्कम बार्नमने आधीच पेढीत भरावी, अशी अट तिने घातली. ती रक्कम उभी करताना बार्नमची पुरेवाट झाली.

१ सप्टेंबर १८५० रोजी तिची आगबोट न्यूयॉर्कला लागली, तेव्हा बंदरावर हजारो लोक जमले होते. बार्नमने जाहिरातींचा धडाका लावला होता. तिच्या नावाचे हातमोजे, टोप्या आणि शाली बाजारात आल्या. पहिल्या कार्यक्रमाच्या तिकिटांचा तर लिलाव झाला आणि एका टोपीवाल्याने पहिल्या तिकिटासाठी २२५ डॉलर मोजले! ११ सप्टेंबरला पहिला कार्यक्रम झाला. जेनीच्या वाट्याला त्यातून सुमारे दहा हजार डॉलर आले. ती सारी रक्कम तिने न्यूयॉर्कमधील लोकोपयोगी संस्थांना देऊन टाकली. आग विझविताना प्राण गमावणाऱ्या बंबवाल्यांच्या विधवा व अनाथ मुलांसाठी असलेल्या निधीचाही त्यात मोठा वाटा होता.

अमेरिकेत ती ऑपेरातील अवघड गीते गाई, धर्मगीते गाई आणि त्यांच्या जोडीला स्वीडनच्या डोंगरातील गुराख्यांची साधी गाणीही म्हणे. त्या लोकगीतांत गुराख्याची हाक आणि तिचा दूरवरून येणारा प्रतिध्वनी ती एकाच गळ्यातून हुबेहूब काढून दाखवी. परंतु बार्नमचा चाललेला बाजार तिला दिवसेंदिवस असह्य होऊ लागला. आपले गाणे अजबखान्यातील चिजेप्रमाणे विकले जावे, हे तिला पटेना. १८५१ साली तिने करारातील सवलतीनुसार बार्नमची साथ सोडली. तोपर्यंत त्र्याण्णव कार्यक्रम झाले होते. पुढील कार्यक्रमांची व्यवस्था तिने स्वतः पाहिली. या दौऱ्यात तिला सुमारे साडेतीन लाख डॉलर मिळाले. ते तिने लोकोपयोगी कामांना, मुख्यतः स्वीडनमधील मोफत शाळांसाठी, देऊ केले.

अमेरिकेतच, ५ फेब्रुवारी १८५२ रोजी, तिने ओटो गोल्डश्मिट या पियानोवादकाशी विवाह केला. युरोपात परतल्यावर काही वर्षे ती दोघे जर्मनीत राहिली आणि नंतर इंग्लंडमध्ये स्थायिक झाली. त्यांना तीन अपत्ये झाली. संसार सांभाळूनही तिचे गाणे आणि दान चालूच होते. क्रिमियाच्या युद्धात जखमी सैनिकांची शुश्रूषा करणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावाने परिचारिकांच्या शिक्षणासाठी एक निधी उभारण्यात आला होता. त्यासाठी १८५६ साली जेनीने लंडनमध्ये कार्यक्रम केला. एकीला लोकांनी नाइटिंगेल हे नाव दिले होते, तर दुसरीचे ते आडनावच होते. पीडितांची सेवा मात्र दोघींनीही आपापल्या परीने केली.

१८७५ साली तिच्या पतीने लंडनमध्ये ‘बाख कॉयर’ नावाचे एक गायकमंडळ स्थापन केले. बाख या थोर रचनाकाराचे एक अतिशय अवघड धर्मसंगीत इंग्लंडमध्ये तोपर्यंत कोणी समग्र गाऊन दाखविले नव्हते. या मंडळाने ते १८७६ साली सादर केले. मंडळातील स्त्रियांना जेनीने स्वतः तयार केले आणि कार्यक्रमाच्या वेळी ती त्यांच्याच रांगेत उभी राहून गायली. जिच्या एका गाण्यासाठी लोकांनी तिकिटांचे लिलाव पाहिले होते, ती आता अनेकींमधील एक होऊन सुरात सूर मिळवीत होती.

१८८३ साली लंडनमध्ये राजसंगीत महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा तेथे गायन शिकविण्याचे काम तिने स्वीकारले. शिक्षिका म्हणून ती कडक होती. गायक होऊ इच्छिणाऱ्याने केवळ गळा तयार करून चालणार नाही, असे तिचे मत होते. स्वरलेखन वाचता आले पाहिजे, पियानो वाजविता आला पाहिजे, उच्चार शुद्ध हवेत, एक तरी परकी भाषा यावयास हवी, असा तिचा आग्रह असे. गार्सियांपुढे बसून तिने जे कष्ट केले होते, त्यांची शिदोरी ती आता पुढच्या पिढीला देत होती. त्याच वर्षी माल्व्हर्न या गावी रेल्वेतील कामगारांच्या साहाय्यनिधीसाठीही ती गायली. तेव्हा तिने साठी ओलांडली होती.

२ नोव्हेंबर १८८७ रोजी माल्व्हर्न येथील आपल्या घरी जेनी लिंडने देह ठेवला. आपल्या संपत्तीचा मोठा भाग तिने मृत्युपत्राद्वारे स्वीडनमधील गरीब विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी ठेवला होता. १८९४ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये, जेथे इंग्लंडच्या थोर कवींची स्मारके आहेत त्या जागी, तिचे स्मारक बसविण्यात आले. १९९६ सालापासून काही वर्षे स्वीडनच्या पन्नास क्रोनरच्या नोटेवर तिचे चित्र छापले जात होते.

जेनीच्या भर तारुण्याच्या काळात आवाज साठवून ठेवण्याचे यंत्र नव्हते. त्यामुळे तिचे गाणे कसे होते, हे आज कोणालाही कानांनी ऐकता येत नाही. ज्यांनी ते ऐकले, ती माणसेही केव्हाच काळाआड गेली. तिच्या गाण्यातून उभे राहिलेले कार्य मात्र टिकून आहे. नॉर्विच येथील मुलांच्या रुग्णालयाला आजही जेनी लिंडचे नाव आहे. दुखण्याने कण्हत तेथे आलेली मुले बरी होऊन हसत घरी जातात. त्यांच्यापैकी कोणी तिचे गाणे ऐकलेले नाही; तरीही त्या गाण्याचे फळ त्यांना मिळत आहे.